रविवारच्या चादरी

आमच्या वहिनीला लाँड्रीत सगळे ‘पुरावा’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, तेवढी कुणाची छाती नाही, पण तिला ते पक्कं ठाऊक आहे. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन म्हणालं की शर्टाचं बटण तुमच्याकडेच तुटलं, की मी लगेच माफी मागून मोकळी होते. मला कटकट नको असते. वहिनी मात्र आतून हात पुसत येते आणि शांतपणे विचारते, “पुरावा?” मग ती त्या शर्टाची चिठ्ठी काढते. शर्ट आला त्याच दिवशी तिच्या बारीक अक्षरात त्यावर लिहिलेलं असतं: तिसरं बटण नाही, कॉलर विरलेली. गिऱ्हाईक तणतणत जातं आणि पुढच्या आठवड्यात गुपचूप परत आमच्याकडेच येतं.

लग्न होऊन घरात येण्याआधी चार वर्षं ती आमच्याकडे इस्त्रीवर होती. दादाने तिला मागणी घातली तेव्हा तिने विचार करायला महिना मागून घेतला आणि तो महिनाभर त्याने केलेल्या इस्त्रीतल्या चुण्या त्याला रोज दाखवत राहिली. महिन्याने हो म्हणाली. दादा अजूनही सांगतो की त्या तीस दिवसांत तो इस्त्री शिकला.

माझं आणि तिचं सुरुवातीला अजिबात जमायचं नाही. मी या घरची मुलगी, काउंटर माझा, फोन माझा, आणि ही कालची आलेली मला चिठ्ठ्या कशा लिहायच्या ते शिकवणार. पण आमच्या रस्त्याच्या टोकाला जे हॉस्पिटल आहे, त्यांच्या चादरींचं काम आम्हाला मिळालं ते केवळ तिच्या चिठ्ठ्यांमुळे, हे मलाही मुकाट्याने मान्य करावं लागलं. रोज सकाळी हॉस्पिटलचे गठ्ठे येतात. प्रत्येक गठ्ठ्यावर वॉर्ड आणि वार. शस्त्रक्रियेच्या चादरी निळ्या काठाच्या, बाळंतपणाच्या हिरव्या काठाच्या. त्या मोजून घ्यायचं काम वहिनीचं. तिच्या हातून एक उशीची खोळ इकडची तिकडे होत नाही.

एकतिसाव्या वर्षी तिला दिवस गेले. आई हवेत तरंगायला लागली. दादा तर वेड्यासारखा दर तासाला तिच्यापुढे पाण्याचा पेला धरायचा. वहिनी सहाव्या महिन्यापर्यंत उभी राहून इस्त्री करत होती, मग बसून घड्या घालायला लागली, आणि आठव्या महिन्यानंतर नुसती खुर्चीत बसून आम्हाला बोल लावायला लागली. यातलं शेवटचं काम तिला सगळ्यात छान जमायचं.

तो बुधवार होता. तिच्याबरोबर तपासणीला मी गेले होते. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर सारून बोलायची सवय, हाताला गुण असलेल्या म्हणून प्रसिद्ध. त्यांनी फाईल चाळली, पोट मापलं, पुन्हा फाईल पाहिली.

“चाळीस आठवडे होऊन दोन दिवस झाले,” त्या म्हणाल्या. “त्यात बाळ दिवसांच्या मानाने बारीक आहे. असं बाळ आत ठेवण्यात अर्थ नसतो, बाहेर काढून खाऊपिऊ घातलेलं बरं. शुक्रवारी सकाळी दाखल व्हा. कळा आणायचं औषध देऊ.”

मी मान हलवली. मला ते पटलंच होतं. डॉक्टर सांगताहेत, आपण ऐकायचं, घरी जाऊन बॅग भरायची. वहिनीने मान हलवली नाही.

“शुक्रवारच का?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“बाळ बारीक आहे आणि धोका आहे तर आत्ताच का नाही? आणि दोन दिवस चालणार असेल तर सोमवार का नाही?”

“काहीतरी दिवस ठरवावा लागतो.”

वहिनी जरा सावरून बसली. ती सावरून बसली की काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून मी तिचा दंड धरला. काही उपयोग झाला नाही.

“डॉक्टर, तुमच्या चादरी मी धुते. तीन वर्षं मोजतेय. हिरव्या काठाच्या सगळ्यात जास्त शुक्रवारच्या गठ्ठ्यात असतात, आणि रविवारच्या गठ्ठ्यात निम्म्याही नसतात. तुमच्याकडे रविवारी मुलं का जन्मत नाहीत?”

मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं. हॉस्पिटल आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. डॉक्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला, फाईल मिटली आणि म्हणाल्या, “घरी विचार करा. पण फार नको.”

घरी पोचेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. पोचल्यावर सगळं एकदम बोलले. दुकान बंद करून आम्ही चौघं आतल्या इस्त्रीच्या खोलीत बसलो होतो, टेबल अजून कोमट होतं. आईने डोक्याला हात लावला.

“डॉक्टरला असं कुणी विचारतं का गं? आणि बाळाला काही झालं म्हणजे?”

“आई, मी नाही कुठं म्हणतेय? मला कारण सांगा, मी उद्या सकाळी जाऊन पडते तिथं.”

“कारण सांगितलं ना. दिवस उलटून गेलेत, बाळ वाढत नाहीये.”

“वाढतंय,” वहिनी म्हणाली. “मला कळतंय. महिनाभरात मी तीनदा नाडी सैल केली.”

“नाडी,” मी म्हणाले. “डॉक्टरांच्या मशीनपेक्षा हिच्या परकराची नाडी हुशार.”

दादा एकदा हिच्याकडे, एकदा आईकडे बघत होता. तो कुणाच्या बाजूचा हे विचारलं असतं तर तो पाणी आणायला उठला असता. मी विचारलं, आणि तो खरंच उठला.

मग माझं डोकं फिरलं. माझा राग तसा लवकर येतो आणि येताना अक्कल घरी ठेवून येतो. मी म्हणाले, “तुला प्रत्येक गोष्टीत शंका. निदान तारखेत तरी शंका काढू नकोस. तारीख पक्की आहे. मीच सांगितली होती त्यांना.”

वहिनीने माझ्याकडे वळून पाहिलं. “कुठली तारीख?”

“तुझ्या शेवटच्या पाळीची. तू नाव नोंदवून आलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या नोंदणीवाल्या बाईंचा फोन आला होता, एक रकाना राहिलाय म्हणून. तू कपडे पोचवायला गेली होतीस. मी बघून सांगितली.”

“कशात बघून?”

“कॅलेंडरवर. तूच म्हणाली होतीस की तू कॅलेंडरवर खूण करतेस. लाल गोल होता. सहा तारखेला.”

वहिनीचा चेहरा असा झाला की दादा पाण्याचा पेला हातात धरून दारातच थांबला. मग ती उठली, पोट सावरत खळीच्या डब्यांच्या फळीपाशी गेली आणि मला म्हणाली, “डबे उतरव.”

आमच्याकडे जुनं कॅलेंडर फेकत नाहीत. त्याची पानं फळ्यांवर अंथरतात, म्हणजे खळ सांडली तर लाकडाला चिकटत नाही. मी एकेक डबा खाली ठेवला. तिसऱ्या डब्याखाली तो महिना निघाला. सहा तारखेला ठसठशीत लाल गोल होता, आणि गोलात दादाच्या अक्षरात, खळीने अर्धवट पुसलेला एक ‘बॉ’.

“बॉयलर,” दादा दारातून म्हणाला. “त्या दिवशी बॉयलर साफ केला होता. दर तिमाहीला मी खूण करतो.”

वहिनीने पान हातात घेतलं, ट्यूबलाइटसमोर धरलं. सतरा तारखेच्या चौकोनात कोपऱ्यात एक बारीकसं भोक होतं, त्यातून उजेड येत होता.

“हे कॅलेंडर सगळ्यांसमोर टांगलेलं असतं,” ती म्हणाली. “गाडीवाला बघतो, गिऱ्हाईक बघतं. माझी पाळी काय लाल पेनने लिहू? मी चिठ्ठीची टाचणी टोचते. लग्नाआधीपासून टोचते.”

अकरा दिवसांचा फरक. मी तिथेच डब्यावर बसले. नोंदणीवाल्या बाईंनी फोनवर विचारलं होतं, नक्की ना? आणि मी म्हणाले होते, शंभर टक्के. मला ते शब्द जसेच्या तसे ऐकू येत होते. बाळ बारीक नव्हतं. माझ्यामुळे त्याचं वय वाढलं होतं. आणि मी सकाळपासून त्याला बाहेर काढायला निघाले होते. मला रडू फुटलं, आणि खरं सांगायचं तर त्यात निम्मं रडू लाजेचं होतं.

मला वाटलं आता ती मला फाडून खाईल. ती म्हणाली, “सगळ्या जगाच्या चिठ्ठ्या मी तपासते. इतके महिने माझी फाईल माझ्या पिशवीत आहे, पहिलं पान उलटून बघितलं नाही मी. चूक तुझी आहेच, पण माझीही आहे. आता डोळे पूस आणि डबे परत लाव.”

गुरुवारी सकाळी आम्ही कॅलेंडरचं पान गुंडाळून हॉस्पिटलमध्ये गेलो. डॉक्टरबाईंनी ते उजेडात धरलं, भोकातून पाहिलं आणि खाली ठेवलं.

“कागदावरच्या भोकावर मी बाळंतपण पुढे ढकलू शकत नाही,” त्या म्हणाल्या.

“नका ढकलू. पाचव्या महिन्याचा रिपोर्ट काढा.”

त्यांनी काढला. वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. बाळ तारखेच्या मानाने दहा दिवसांनी लहान, असं तेव्हाच लिहिलेलं होतं. तारीख पक्की म्हणून नोंदली होती, त्यामुळे बाळाला बारीक ठरवलं गेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पहिली सोनोग्राफी उशिरा झाली होती तुमची.”

“हो,” वहिनी म्हणाली. तिने त्यांना मदत केली नाही, आणि टोमणाही मारला नाही.

“आणि रविवारचं विचारलंत तुम्ही काल.” डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. “भूल देणारे डॉक्टर आमच्याकडे एकच. रविवारी ते घरी असतात, घर लांब आहे. अचानक पोट उघडायची वेळ आली तर त्यांना यायला पाऊण तास लागतो. पाऊण तास म्हणजे काय असतं ते मी एकदा बघितलंय. म्हणून ज्यांची मला काळजी वाटते त्यांना मी शुक्रवारी बोलावते. माझ्या सोयीसाठी बोलावते असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे.”

“मग कालच असं सांगायचं होतं,” वहिनी म्हणाली. “मी तेच तर विचारत होते.”

मग त्या दोघींनी जो सौदा केला तो मी जन्मात विसरणार नाही. बाजूच्या बाकावर बसून मी फक्त ऐकत होते. आठवड्यातून दोनदा येऊन बाळाचे ठोके आणि आतलं पाणी तपासायचं. रोज बाळाची हालचाल मोजायची. हालचाल कमी वाटली तर त्याच घटकेला यायचं, वार न बघता. खऱ्या तारखेनंतर सात दिवस थांबायचं, त्यापुढे एकही दिवस नाही.

“लिहून द्या,” वहिनी म्हणाली.

“तुम्हीही द्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या. दोघींनी एकाच कागदावर सह्या केल्या. कागद वहिनीने घडी घालून पिशवीत ठेवला, आणि तिची घडी कशी असते ते मी काय सांगायचं.

पुढचे दहा दिवस घरात सगळ्यांच्या जिवाला घोर होता. आत्याचे रोज फोन, शेजारीण येऊन जाता जाता दिवस मोजायची, कुणाकुणाच्या जावेच्या, भाचीच्या भयंकर गोष्टी सांगायची. बोहारीणसुद्धा पोटाकडे बघून सल्ला देऊन गेली. आई प्रत्येकीला ‘डॉक्टरांनीच सांगितलंय’ म्हणून वेळ मारून न्यायची. वहिनीला ते खपायचं नाही.

“डॉक्टरांनी नाही, मी ठरवलंय,” ती आतून ओरडायची. “त्यांनी परवानगी दिलीय.”

तिने हालचाली मोजायची आपली रीत काढली होती. आम्ही कपड्यांना नंबराच्या कापडी पट्ट्या लावतो. तशा दहा पट्ट्या ती रोज जेवणानंतर डाव्या खिशात ठेवायची. बाळ हललं की एक पट्टी उजव्या खिशात. दहाही इकडून तिकडे गेल्या की वेळ लिहून ठेवायची. कधी पाऊण तासात दहा व्हायच्या, कधी तासाने. मी लांबून तिच्या हाताकडे बघत असायचे. गिऱ्हाईकाला सुटे देता देता बघायचे. तारखेची चूक उघडी पडल्यापासून मला तिच्या डाव्या खिशाखेरीज काही सुचत नव्हतं.

अकराव्या दिवशी रविवार आला. सकाळी मी चहा घेऊन गेले तर ती पलंगावर बसली होती, जेवणाची वाट न बघताच पट्ट्या घेऊन.

“किती?” मी विचारलं.

“रात्री जाग आली तेव्हा काही वाटलं नाही. आत्ता तासात दोन.”

आई म्हणाली, “अगं, शेवटी शेवटी जागा राहत नाही, बाळ झोपून असतं. आणि तूच तर म्हणतेस थांबायचं. दोन दिवसांपूर्वी सगळं ठीक होतं ना?”

वहिनी गार पाणी प्याली, डाव्या कुशीवर पडली, अजून एक तास मोजत राहिली. एक पट्टी. ती उठली आणि दादाला म्हणाली, “गाडी काढ.”

“आज?” दादा म्हणाला. “आज रविवार आहे. आणि आत्ता कुठं तुझी खरी तारीख उलटलीय, अजून पाच दिवस बाकी आहेत. तूच तर थांबायचं म्हणून सगळ्यांशी भांडलीस.”

“थांबायला कारण होतं तेव्हा थांबले. आता कारण नाही.” ती चपला शोधत होती, पोटामुळे तिला त्या दिसत नव्हत्या. मी वाकून तिच्या पायात घातल्या. “मी थांबायसाठी नव्हते भांडत रे. एवढे दहा दिवस घरात सगळी माणसं, कुणालाच कळलं नाही?”

कळलं नव्हतं. मलाही नाही. मी आपली दहा दिवस तिला थांबणाऱ्यांच्या पार्टीत घालून बसले होते.

हॉस्पिटलमध्ये रविवारची सामसूम होती. ड्युटीवरच्या सिस्टरने पोटाला पट्टा लावला, ठोक्यांचा कागद सरसर बाहेर आला. “ठोके बरे आहेत,” त्या म्हणाल्या. “उद्या मॅडम आल्या की पाणी बघतील. घरी जाऊन आराम करा.”

वहिनीने पिशवीतून कागद काढला, उलगडला, त्यांच्या टेबलावर ठेवून हाताने सपाट केला. “वार न बघता, असं लिहिलंय. खाली सही कुणाची आहे बघा आणि त्यांना फोन करा.”

“अहो ताई, रविवारी—”

“मी इथून हलणार नाही. बाक रिकामं आहे, मी बसते.”

डॉक्टरबाई वीस मिनिटांत आल्या, घरातल्या कपड्यांत, केस ओले. त्यांनी स्वतः मशीन लावलं. मी दाराशी उभी होते. त्या बोलायच्या आधीच मला कळलं, कारण त्यांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला.

“पाणी बरंच कमी झालंय. आता आतपेक्षा बाहेर बरं.” मग त्या जरा घुटमळल्या. “आज औषध सुरू केलं तर रात्रीपर्यंत होईल. मला भूलवाल्यांची काळजी वाटते.”

“पाऊण तास लागतो ना त्यांना?” वहिनी म्हणाली. “मग आत्ताच निघायला सांगा. इथं येऊन बसतील. आमच्या घरून डबा येईल त्यांना.”

डॉक्टरबाई हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी फोन उचलला.

भूल देणारे डॉक्टर आले, दिवसभर बाकावर पेपर वाचत बसले, आईने पाठवलेला डबा खाल्ला, आणि त्यांची गरज पडली नाही. मुलगी रात्री साडेनऊच्या सुमारास झाली. वजन अगदी जितकं असावं तितकं. रडायला तिने जरा वेळ घेतला, तेवढ्यात दादा बाहेर भिंतीला टेकून खाली बसला. मग ती रडली आणि थांबेचना. वहिनीने तिला हातात घेतलं, पुढून-मागून पाहिलं, बोटं मोजली, आणि डॉक्टरबाईंना म्हणाली, “बारीक?”

“नाही हो,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बारीक नाही.”

सोमवारी सकाळी हॉस्पिटलचे गठ्ठे आले. वहिनी नसल्यामुळे मोजायला मी बसले. रविवारच्या गठ्ठ्यात हिरव्या काठाच्या चादरी नेहमीपेक्षा जास्त होत्या. त्यातल्या तिच्या कुठल्या हे मला कळायचा संबंध नव्हता, तरी मी सगळ्या माझ्या हाताने धुतल्या, डाग गार पाण्यात सोडवले. मी दोनदा मोजलं आणि चिठ्ठी तिच्यासारखी लिहायचा प्रयत्न केला. अक्षर साधलं नाही.

अकराच्या सुमारास काउंटरवरचा फोन वाजला. नोंदणीवाल्या बाई होत्या, त्याच, आवाज मी लगेच ओळखला.

“जन्माच्या नोंदीचा फॉर्म भरतेय,” त्या म्हणाल्या. “दोन-चार रकाने राहिलेत. आईची जन्मतारीख, लग्नाची तारीख वगैरे. तुम्ही घरच्याच ना? सांगाल का पटकन?”

मला सगळं पाठ होतं. लग्नाची तारीख तर समोर भिंतीवरच्या फोटोखाली छापलेली होती. जिभेच्या टोकावर आलेलं मी गिळलं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “ती तुमच्याच वॉर्डात आहे, खिडकीकडच्या पलंगावर, जागी आहे. तिला विचारा.”